त्वचेचं सिम्युलेशन: इंडेंटेशन मॉडेल कोणत्या क्रमाने उभं करायचं

त्वचा आणि मऊ ऊतींच्या मॉडेलमध्ये अडकलेल्यांच्या तक्रारी साधारण दोन प्रकारच्या असतात. एक, 'निगेटिव्ह जेकोबियन'चा (मॉडेलचा एखादा तुकडा उलटा झाल्याचा) एरर येतो आणि रन मध्येच थांबतो. दोन, रन शेवटपर्यंत जातो, रंगीत चित्र झकास दिसतं, पण बल हजारपट चुकलेलं असतं आणि ते थेट व्हायव्हात कळतं. पहिल्या तक्रारीने डोकं उठतं. दुसरीने सगळं काम फुकट जातं. दोन्हींमागे बहुतेक वेळा घाई असते. एपिडर्मिस (वरची पातळ त्वचा), डर्मिस (तिच्याखालचा जाड थर), चरबी, कोलॅजनचे तंतू, घर्षण, व्हिस्कोइलॅस्टिसिटी (वेळेनुसार बदलणारा प्रतिसाद) असं सगळं पहिल्याच दिवशी एका फाइलमध्ये घातलं जातं. मग बिघाड नेमका कुठे आहे ते सापडत नाही.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूची त्वचा, आणि तिच्यावर दाबलेला ५ मिमी त्रिज्येचा टणक गोल इंडेंटर, म्हणजे दाबायचा गोळा. सॉफ्टवेअर फेबिओ धरलं आहे. युटा आणि कोलंबिया विद्यापीठांत तयार झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मुळात जैविक ऊतींसाठीच लिहिलेलं आहे. अबॅकस किंवा ॲन्सिस वापरत असाल तरी क्रम हाच ठेवा. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## १. कागदावरची तयारी

प्रश्न एका ओळीत लिहा. "त्वचेचं मॉडेल करायचं आहे" हा प्रश्न झाला नाही. "१ मिमी दाबल्यावर बल किती?" हा प्रश्न आहे. "सुई शिरताना त्वचा किती आत जाते?" हाही प्रश्न आहे, पण त्याला वेगळं मॉडेल लागतं, कारण तिथे ऊती फाटते. पहिल्या प्रश्नाला १०-२० मायक्रॉन जाडीचा स्ट्रॅटम कॉर्नियम (त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर) वेगळा दाखवायची गरज नाही. त्वचेवरच्या सुरकुत्यांचा प्रश्न असेल तर मात्र तोच थर कळीचा ठरतो.

एककं ठरवा आणि फाइलच्या वरच लिहून ठेवा. तुम्ही पास्कल घातलेत की मेगापास्कल हे सॉल्व्हरला, म्हणजे हिशोब करणाऱ्या प्रोग्रॅमला, कळत नाही. त्याच्यासाठी ते नुसते आकडे. मिमी, न्यूटन, सेकंद धरलं की ताण (स्ट्रेस) मेगापास्कलमध्ये येतो आणि वस्तुमान टनात. म्हणजे यंग्स मॉड्युलस (पदार्थाचा ताठपणा) ३० किलोपास्कल असेल तर ०.०३ लिहायचं. घनता १,१०० किलो प्रति घनमीटर असेल तर १.१ × १०^-९. स्थिर विश्लेषणात गुरुत्वाकर्षण नसेल तर घनतेचा परिणाम होत नाही, त्यामुळे तिथली चूक महिनोन्महिने लपून राहते आणि डायनॅमिक रन सुरू केल्यावर अंगावर येते.

मटेरियलचा आकडा कुठून आला ते पाहा. त्वचेच्या मॉड्युलससाठी प्रकाशित आकडे काही किलोपास्कलपासून कित्येक मेगापास्कलपर्यंत सापडतात. यातलं कुणी खोटं सांगत नाही. पट्टी कापून टोकाला धरून ओढली की कोलॅजनचे तंतू सरळ होऊन भार घेतात आणि त्वचा खूप ताठ वाटते. वरून दाबली की ती मऊ वाटते. दाबण्याच्या मॉडेलला ओढण्याच्या चाचणीतला आकडा लावलात तर पुढचं सगळं वाया गेलं.

> तपासा: मॉड्युलसच्या प्रत्येक आकड्यासमोर चाचणीचा प्रकार, शरीराचा भाग, आणि जिवंत त्वचा की कापलेली, हे लिहिलं आहे का? नसेल तर तो आकडा वापरू नका.

## २. आधी एकच एलिमेंट

ही पायरी जवळजवळ सगळेच वगळतात. १ मिमीचा एक घन, एक हेक्स८ एलिमेंट (आठ कोपऱ्यांचा हिशोबाचा तुकडा), एका दिशेने २० टक्के लांबवलेला. रन क्षणात होतो आणि मटेरियलच्या बहुतेक चुका इथेच उघड्या पडतात.

यंग्स मॉड्युलस ३० किलोपास्कल धरा. आकारमान न बदलणाऱ्या पदार्थात शिअर मॉड्युलस (आकार तिरका करायला होणारा विरोध) त्याचा तिसरा हिस्सा असतो, म्हणजे १० किलोपास्कल, ०.०१ मेगापास्कल. निओ-हुकियन, म्हणजे मऊ पदार्थाच्या सर्वांत साध्या मॉडेलचं उत्तर हाताने काढता येतं. ताणगुणोत्तर म्हणजे ताणल्यानंतरची लांबी भागिले मूळ लांबी:

कॉशी ताण = शिअर मॉड्युलस × (ताणगुणोत्तराचा वर्ग − १ ÷ ताणगुणोत्तर)

१.२ घातलं की ०.०१ × (१.४४ − ०.८३३) म्हणजे ०.००६०७ मेगापास्कल येतं, म्हणजेच ६.०७ किलोपास्कल. फेबिओने हाच आकडा दिला पाहिजे. दिला नाही, तर खालच्या चार जागा पाहा.

शिअर मॉड्युलसचा निम्मा. फेबिओत मूनी-रिव्हलिन या मटेरियलचा दुसरा गुणांक शून्य ठेवला की मॉडेल निओ-हुकियन होतं. पण पहिला गुणांक, सी१, हा शिअर मॉड्युलसच्या निम्मा असतो. इथे ०.००५ घालायचं. ०.०१ घातलंत तर उत्तर बरोबर दुप्पट येईल. उत्तर नेमकं दुप्पट आलं की पहिला संशय यावरच घ्या.

कॉशी की नॉमिनल. फेबिओ कॉशी ताण देतो, म्हणजे बल भागिले ताणलेल्या स्थितीतलं क्षेत्रफळ. प्रयोगशाळेतल्या आलेखात बहुधा मूळ क्षेत्रफळाने भागलेलं असतं. याच उदाहरणात ते ५.०६ किलोपास्कल येतं. वीस टक्क्यांचा हा फरक कुणी तरी मटेरियल बदलून 'दुरुस्त' करतो, आणि तिथून गाडी रुळावरून उतरते.

नाव तेच, मॉडेल वेगळं. फेबिओत 'निओ-हुकियन' नावाचं जे मटेरियल यादीत दिसतं, ते आकारमान बदलू शकणाऱ्या पदार्थाचं आहे. त्यात पॉयसन गुणोत्तर (०.५ म्हणजे आकारमान अजिबात न बदलणारा पदार्थ) ०.४९ किंवा ०.४९९ घालून त्वचा करायला गेलं की एलिमेंट लॉक होतात आणि ऊती विनाकारण कडक होते. मऊ ऊतीसाठी अनकपल्ड प्रकारचं, म्हणजे आकार बदलणं आणि आकारमान बदलणं वेगळं हाताळणारं, मटेरियल घ्या. त्याबरोबर हेक्स८ एलिमेंट लॉकिंग टाळणारी थ्री-फील्ड पद्धत वापरतं.

ऑग्डेनचे तीन अवतार. ऑग्डेन हेही मऊ पदार्थाचं मॉडेल, पण तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्याचं सूत्र वेगळं. हा घोळ सगळ्यांत जास्त लोकांना भोवतो. समजा, अबॅकस वापरून केलेल्या एका निबंधात एका पदाचं ऑग्डेन मॉडेल आहे: म्यू १० किलोपास्कल, अल्फा ९. अबॅकसच्या सूत्रात म्यू म्हणजेच शिअर मॉड्युलस. फेबिओचं सूत्र वेगळं असल्यामुळे तीच त्वचा मिळवायला गुणांक २० घालावा लागतो. ॲन्सिसमध्ये २.२२. डोळे झाकून सगळीकडे १० घातलात तर फेबिओत शिअर मॉड्युलस ५ किलोपास्कल होतो आणि ॲन्सिसमध्ये ४५. मॅन्युअलमधलं ऊर्जेचं सूत्र निबंधातल्या सूत्राशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ऑग्डेनचा आकडा उचलू नका.

आता बल्क मॉड्युलस, म्हणजे आकारमान बदलायला होणारा विरोध. तो शिअर मॉड्युलसच्या किती पट ठेवायचा? १० पट ठेवला तर पॉयसन गुणोत्तर ०.४५ च होतं, आणि चरबीच्या पातळ थरात ते दिसून येतं. ५० पटीला ०.४९, १०० पटीला ०.४९५, १,००० पटीला ०.४९९५. मी १०० वर सुरू करतो आणि शेवटी एकदा १,००० करून बल किती बदलतं ते पाहतो. पहिल्याच रनला १,००० ठेवलं तर कन्व्हर्जन्स (सॉल्व्हरचं उत्तरापर्यंत पोचणं) उगाच बिघडतो.

> सावधान: साधे चार नोडचे टेट्रा एलिमेंट अशा पदार्थात लॉक होतात. आकार गुंतागुंतीचा असल्यामुळे टेट्राच घ्यावे लागत असतील तर दहा नोडचे घ्या.

## ३. एकसंध ठोकळा आणि हाताचा हिशोब

थर अजून नकोत. ३० × ३० × २० मिमीचा ठोकळा करा. हा पूर्ण मॉडेलचा चौथा भाग, दोन बाजूंवर सममिती. तळ घट्ट बांधलेला. सगळीकडे वरचंच ३० किलोपास्कलचं मटेरियल. इंडेंटर रिजिड बॉडी (अजिबात न वाकणारी वस्तू) करा. खाली-वर सोडून त्याची प्रत्येक हालचाल आणि फिरणं बंद. सुरुवातीला तो पृष्ठभागाला जेमतेम टेकलेला असावा. फट असेल तर पहिल्या काही पायऱ्या हवेतच जातात. आधीच आत घुसलेला असेल तर पहिल्याच पायरीला झटका बसतो.

मेश (एलिमेंटची जाळी) इंडेंटरखाली बारीक, दूर गेल्यावर जाड. ०.२ मिमी दाबल्यावर संपर्काची त्रिज्या सुमारे १ मिमी असते. तेवढ्यात पाच-सहा एलिमेंट तरी बसले पाहिजेत, नाहीतर बलाचा आलेख जिन्याच्या पायऱ्यांसारखा येतो.

विस्थापनाला लोड कर्व्ह (वेळेनुसार किती दाबायचं याचा आलेख) जोडलेला आहे का, ते उघडून पाहा. जोडलेला नसेल तर पूर्ण खोली पहिल्याच पायरीला लागते. स्वयंचलित टाइम-स्टेप चालू असेल तर कर्व्हच्या टोकाला 'मस्ट पॉइंट' (सॉल्व्हरने गाठायलाच हवा असा क्षण) ठेवा. नाही तर सॉल्व्हर त्या क्षणावरून उडी मारतो आणि सर्वांत जास्त बल नोंदलंच जात नाही.

आता फक्त ०.२ मिमी दाबा. हर्ट्झचं सूत्र:

बल = १६/९ × यंग्स मॉड्युलस × √त्रिज्या × खोली^१.५

आकडे घालून १.७७८ × ०.०३ × २.२३६ × ०.०८९४ म्हणजे ०.०१०७ न्यूटन. हे सूत्र अमर्याद जाड ठोकळ्याचं. आपला २० मिमी जाड आणि खाली चिकटलेला आहे. त्यासाठी डिमिट्रिआडिस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दिलेली दुरुस्ती वापरा. आधी √(त्रिज्या × खोली) ÷ जाडी हे गुणोत्तर काढायचं. इथे ते १ ÷ २०, म्हणजे ०.०५. या गुणोत्तराला १.१३३ ने गुणा, त्याच्या वर्गाला १.२८३ ने, आणि दोन्ही १ मध्ये मिळवा. पुढची पदं इथे नगण्य आहेत. सुमारे १.०६ येतं. म्हणजे अपेक्षित बल ०.०११३ न्यूटन, साधारण १.१५ ग्रॅम वजनाएवढं.

उत्तर याच्या चार-पाच टक्क्यांत आलं तर पुढे जा. नसेल तर:

- चौथाई बल: पाव मॉडेल असल्यामुळे रिअ‍ॅक्शन फोर्स चौथाईच दिसतो. चारने गुणा. बल ०.००२८ दिसलं की हेच झालेलं असतं.
- हजारपट बल: ११.३ न्यूटन आलं तर मॉड्युलस ०.०३ ऐवजी ३० घातलेला आहे. गाल किंवा हात ०.२ मिमी दाबायला किलोभराहून जास्त वजन लागत नाही, हे बोट टेकवूनही कळतं.
- बल कमी, पण थोडंच: इंडेंटर पृष्ठभागातून आत घुसतोय. काँटॅक्टची पेनल्टी (आत घुसायला होणारा विरोध) वाढवा, 'ऑटो-पेनल्टी' चालू ठेवा. आत घुसलेली खोली एकूण खोलीच्या एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको.
- बल जास्त, पण थोडंच: मेश जाड आहे किंवा एलिमेंट लॉक होत आहेत. एलिमेंटचा आकार निम्मा करून पाहा.

हे जमलं की खोली १ मिमी करा. तीच दुरुस्ती आता १.१४ च्या घरात जाते. म्हणजे २० मिमीच्या ठोकळ्यात हर्ट्झपेक्षा सुमारे १४ टक्के जास्त बल येणं ही तुमची चूक नाही, खालचा आधार जाणवतो आहे. एवढ्या खोलीला सूत्राशी काटेकोर जुळणीची अपेक्षा धरू नका. दिशा आणि अंदाज बरोबर आला तरी पुरे.

मग बाजूच्या भिंती एकदा मोकळ्या आणि एकदा बांधून, असे दोन रन करा. बलात दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला तर ठोकळा लहान आहे.

> सावधान: मेश पुरेशी बारीक झाली का, हे बलावरून ठरवा. इंडेंटर सपाट दंडगोल असेल तर त्याच्या कडेखालचा ताण सिद्धांतानुसारच अनंत असतो. मेश जितकी बारीक कराल तितका तो वाढत जाईल आणि कधीच स्थिरावणार नाही. कडेला छोटी गोलाई द्या.

### 'निगेटिव्ह जेकोबियन' आला तर

एरर म्हणजे एखादं एलिमेंट चुरगळून उलटं झालं आहे. एररमध्ये एलिमेंटचा क्रमांक असतो. बहुतेकजण तो न वाचता थेट सेटिंग बदलायला लागतात. आधी ते एलिमेंट कुठे आहे ते पाहा. काँटॅक्टच्या कडेला असेल तर पायरी लहान करा आणि पेनल्टी थोडी उतरवा. दोन थरांच्या सीमेवर असेल तर मेशचा आकार तपासा. पातळ, लांबट एलिमेंट आधी मोडतात. भलत्याच जागी, इंडेंटरपासून लांब असेल, तर बाउंडरी कंडिशन चुकली आहे. मटेरियल कडक करून एरर घालवणं हा उपाय नव्हे. तो तुमच्या प्रश्नाचं उत्तरच बदलतो.

## ४. थर घाला

आता वरचा १.५ मिमी डर्मिस, खाली चरबी, गरज असेल तर त्याखाली स्नायू. कोपराखालच्या त्वचेची जाडी १ ते १.५ मिमीच्या आसपास असते. चरबीची जाडी माणसागणिक इतकी बदलते की ती अल्ट्रासाऊंडवर मोजलेली असेल तर उत्तम.

शक्य असेल तर थरांचे नोड सामाईक ठेवा. टाइड काँटॅक्टने थर चिकटवता येतात, पण मग चुका शोधायला आणखी एक जागा तयार होते. डर्मिसच्या जाडीत किमान चार एलिमेंट हवेत.

तपासा: सगळ्या थरांना आधी एकच मटेरियल द्या. पायरी ३ चं बल जसंच्या तसं आलं पाहिजे. आलं, तरच वेगवेगळी मटेरियल द्या.

## ५. त्वचा मुळात ताणलेली असते

जखमेची फट आपोआप रुंदावते ती यामुळेच. व्हिएन्नाच्या कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये प्रेतांच्या त्वचेला गोल छिद्रं पाडून ती लांबट होताना पाहिली आणि ताणाच्या रेषांचे नकाशे काढले. मॉडेलमधली त्वचा मात्र शून्य ताणावर सुरू होते. नवारीची खाट घट्ट विणलेली असताना आणि सैल पडलेली असताना बसून पाहिलं की दोन्हींतला फरक कळतो, नवार तीच असते. हा ताण विसरलात तर मोजलेलं बल जुळवण्यासाठी तुम्ही डर्मिसचा मॉड्युलस विनाकारण वाढवून ठेवता.

सोपी रीत अशी. पहिल्या टप्प्यात बाजूच्या भिंती बाहेर ओढून ठोकळा दोन्ही दिशांना १० टक्के लांबवा, दुसऱ्या टप्प्यात इंडेंटर उतरवा. इथे दोन चुका ठरलेल्या आहेत.

पहिली जाडीची. दोन्ही दिशांना १.१ ताणलं की जाडी १.२१ ने भागली जाते. ताणल्यानंतर डर्मिस १.५ मिमी हवा असेल तर सुरुवात १.८१५ मिमीने करावी लागते. ठोकळ्याच्या लांबी-रुंदीलाही १.१ ने भागून घ्या.

दुसरी चूक अधिक फसवी. ओढण्याची कंडिशन फक्त पहिल्या टप्प्यात लिहिली असेल तर दुसरा टप्पा सुरू होताच ती नाहीशी होते आणि ठोकळा झटक्यात आखडतो. कधी रन पडतो, कधी पडत नाही. न पडला तर ताण निघून गेल्याचं कळतच नाही. ही कंडिशन दोन्ही टप्प्यांच्या आधीच्या, सामाईक 'इनिशियल' टप्प्यात ठेवा, म्हणजे ती शेवटपर्यंत लागू राहील. तिचा कर्व्ह १ पर्यंत चढवून तिथेच सपाट ठेवा.

तपासा: दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या पायरीला, इंडेंटर टेकण्याआधी, डर्मिसची जाडी मोजा. १.५ आली पाहिजे.

## ६. वेळ

दाबून धरलं की बल हळूहळू उतरतं. तुमचा प्रश्न सावकाश दाबण्याचा असेल तर ही पायरी सोडून द्या. फार लोक ती केवळ छान दिसते म्हणून घालतात.

घालायचीच असेल तर एक गोष्ट नीट पाहा. फेबिओत लवचिक मटेरियलचे आकडे दीर्घकाळानंतरचे, म्हणजे सगळं शांत झाल्यावरचे समजले जातात. अबॅकसमध्ये तात्काळ की दीर्घकालीन ते तुम्ही निवडता, आणि प्रोनी गुणांक (ताठपणा वेळेनुसार किती उतरतो ते प्रमाण) तात्काळ किमतीचा हिस्सा असतात. तात्काळ शिअर मॉड्युलस १० किलोपास्कल आणि प्रोनी गुणांक ०.४ असेल तर दीर्घकालीन ६ राहतो. फेबिओत ६ घाला आणि गुणांक ०.४ ÷ ०.६, म्हणजे ०.६६७. उलट तपासणी: ६ × १.६६७ म्हणजे १०. अनकपल्ड मटेरियलसोबत अनकपल्ड व्हिस्कोइलॅस्टिकच निवडा.

टाइम-स्टेप सर्वांत छोट्या रिलॅक्सेशन काळापेक्षा (बल उतरायला लागणाऱ्या वेळेपेक्षा) लहान हवा. ०.१ सेकंदाचं पद घालून १ सेकंदाच्या पायऱ्या टाकल्या तर ते पद असून नसल्यासारखं.

## ७. तंतू, लागले तरच

वरून गोल इंडेंटरने थोडं दाबायचं असेल तर दिशाहीन मॉडेलवर बहुतेक वेळा भागतं. त्वचा बाजूला ओढायची असेल, टाके किंवा फ्लॅपचा (शस्त्रक्रियेत सरकवून लावलेल्या त्वचेचा) प्रश्न असेल, तेव्हा तंतूंची दिशा लागते. गॅसर, ऑग्डेन आणि होल्झाप्फेल यांच्या २००६ च्या मॉडेलमध्ये विखुरण्याचा गुणांक ० ते १/३ असतो. १/३ ठेवला की तंतूंना दिशाच उरत नाही, तेव्हा तपासणीचा पहिला रन १/३ वर करा. दोन्ही दिशांना ओढून समान बल आलं की मगच गुणांक उतरवा. मटेरियलचे अक्ष प्रत्येक एलिमेंटमध्ये कुठे बघतात ते बाण काढून डोळ्यांनी पाहा.

## ८. प्रयोगाशी जुळवणी

एका बल-खोली आलेखावरून डर्मिस, चरबी आणि पूर्वताण असे तीन आकडे काढता येत नाहीत. ऑप्टिमायझर आकडे देईल, पण डर्मिस थोडा कडक आणि चरबी थोडी मऊ केली तरी आलेख तोच येईल. दोन वेगवेगळ्या त्रिज्यांचे इंडेंटर वापरा. लहान इंडेंटरला वरचा थर जास्त जाणवतो, मोठ्याला खालचे. दोन्ही आलेख एकाच वेळी जुळवा, आणि सुरुवात दोन-तीन वेगळ्या आकड्यांपासून करून उत्तर एकाच जागी येतं का ते पाहा.

प्रयोगातले पहिले काही फेरे टाकून द्यावे लागतात, कारण त्वचा वारंवार दाबल्यावरच आलेख स्थिर होतो. तुमच्या डेटात ते टाकले आहेत का, ते मोजणाऱ्याला विचारा. तसंच चढता आणि उतरता आलेख वेगळा असतो. लवचिक मॉडेलमध्ये दोन्ही एकच येणार. तेव्हा फक्त चढता भाग जुळवा आणि अहवालात तसं लिहा. ऑग्डेनचं नेमकं सूत्र, बल्क आणि शिअर मॉड्युलसचं गुणोत्तर, पूर्वताण, एलिमेंटचा प्रकार आणि ताण कॉशी की नॉमिनल, हेही त्याच परिच्छेदात लिहून ठेवा.